गगनबावड्याच्या शाळेला जुने कॉम्प्युटर द्यायचेत, आधी काय बघू?

रंकाळाकाठचा: आमच्या ऑफिसातनं १२ जुने डेस्कटॉप निघालेत, ४ जीबी रॅमचे. गगनबावड्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यायचं मनात हाय. नुसतं ठेवून यायचं नाही, पोरांनी वापरलं पाहिजे.

हार्डवेअरवाला: भावा लई चांगलं करतोयस. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ असल्या मशीनवर नीट चालायचं नाही, तवा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाक, फुकट हाय, मराठी टायपिंग पण होतंय. जमलं तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हंजे वेगवान डिस्क घाल. आणि ऑफिसचा डेटा नीट पुसून मगच दे.

घाटातली शिक्षिका: मी त्याच पट्ट्यात शिकवते. आधी शाळेत जाऊन अर्थिंग बघा. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट सारखी जाते, आमच्या शाळेला आलेले कॉम्प्युटर दोन पावसाळ्यांत ओल धरून बंद पडले, खोली गळत होती आणि दुरुस्तीला कोण येणार हेच ठरलं नव्हतं, पोरं हिरमुसली हो. १२ नको, ६ द्या पण यूपीएससकट द्या. नेट नसेल तर किविक्स नावाच्या अ‍ॅपवर मराठी विकिपीडिया उतरवून न्या, बिननेटचा चालतो.

रंकाळाकाठचा: बाई, अर्थिंगचं डोक्यातच नव्हतं. शनिवारी सकाळच्या शाळेत वायरमनला घेऊन जातो, मग ठरवू.