चंद्रावरचं पाणी नक्की कशाला लागणार आहे?

खुळा_चंद्र:
मंडळी, प्रश्न बेसिक आहे, हसू नका. गेल्या आठवड्यात मित्राच्या दुर्बिणीतून चंद्र बघितला, त्याने खाली दक्षिणेकडचं क्लेव्हियस नावाचं अवाढव्य विवर दाखवलं आणि म्हणाला इथे पाणी सापडलंय. मी डोळे ताणून बघतोय तर जागा चक्क उन्हात तापत पडलेली. हवा नाही, सावली नाही, मग पाणी टिकतं कसं? दुसरं म्हणजे चांद्रयान-१ ने पाणी शोधलं हे इतकी वर्षं ऐकतोय, तरी दर थोड्या वर्षांनी "चंद्रावर पाणी सापडलं" ही बातमी परत नव्याने कशी येते? आणि आहे असं धरलं तरी करायचं काय त्याचं, तिथे प्यायला आहे कोण?

काचबिंदू:
हसत नाही, कारण घोळ "पाणी" या शब्दातच आहे. तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण पाणीच म्हणतो. चांद्रयान-१ वर एम-थ्री म्हणून नासाचं एक यंत्र होतं, त्याचे निकाल सप्टेंबर २००९ मध्ये आले. त्याला अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात ३ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास खूण दिसली, पण ती खूण पाण्याचा रेणू पण देतो आणि हायड्रॉक्सिल पण देतं, म्हणजे ऑक्सिजनला एकच हायड्रोजन चिकटलेला, अर्धवट पाणी म्हणा हवं तर. मग सोफिया या विमानात बसवलेल्या दुर्बिणीने ६ मायक्रॉनला बघितलं, तिथे फक्त खऱ्या पाण्याचीच खूण मिळते, त्याचा निकाल २०२० मध्ये आला. जमिनीवरून हे जमत नाही कारण आपल्याच हवेतली वाफ आड येते. तुमच्या क्लेव्हियसची बातमी ती. पण किती पाणी, तर दहा लाख भागात साधारण १०० ते ४१२ भाग, सहारा वाळवंट त्याच्या शंभरपट ओलं आहे :) आणि ते साचलेलं वगैरे नाही, बारीक उल्कांच्या माराने माती वितळून जे काचेचे कण होतात त्यांच्या आत किंवा मातीच्या कणांच्या फटीत अडकलेलं असावं, म्हणून उन्हात उडून जात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे खरोखरचा बर्फ. तो ध्रुवांजवळच्या विवरांत. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे तिथे सूर्य कायम क्षितिजाला घासून जातो आणि खोल विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षं ऊनच पोचलेलं नाही. तापमान काही ठिकाणी उणे २४० च्या पण खाली. २०१८ मध्ये त्याच एम-थ्रीचा डेटा परत उकरून पृष्ठभागावरच्या बर्फाचा थेट पुरावा काढला.

सायंकाळची_शिफ्ट:
वरचं उत्तर मस्त, त्यात एक भर. बर्फाची खात्री पटली ती धडकेमुळे. ९ ऑक्टोबर २००९, आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले, मी काम बाजूला टाकून नासाचं लाइव्ह लावून बसलेलो. एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा, दोन टनांच्या वरचं धूड, दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात आपटवलं आणि मागून चार मिनिटांनी यान त्या धुरळ्यातून मोजमाप करत जाऊन स्वतः पण आपटलं. सगळ्यांना वाटलेलं मोठा झोत दिसेल, स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसलं नाही, मी वैतागून बंद केलं. महिन्याभराने निकाल आला की धुरळ्यात पाणी होतं, नंतरच्या हिशोबात ते साधारण १५५ किलो भरलं आणि तिथल्या मातीत वजनाने ५-६ टक्के. तेव्हापासून लाइव्ह बघून मत बनवणं सोडून दिलंय.

आता वापर. प्यायचं पाणी हा मुख्य मुद्दा नाहीच, स्पेस स्टेशनवर लघवी-घाम धरून ९८ टक्के पाणी परत वापरता येतं हे २०२३ मध्ये दाखवून झालंय. खरी गंमत इंधनात. ९ किलो पाणी फोडलं की ८ किलो ऑक्सिजन आणि १ किलो हायड्रोजन. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनाला १ किलो हायड्रोजनमागे साधारण ६ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे टाक्या भरून वर श्वासाला ऑक्सिजन उरतो. पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला ११.२ किमी वेग लागतो, चंद्रावरून २.४ पुरे, त्यामुळे इंधन तिथेच बनलं तर पुढचं सगळं गणितच बदलतं.

हिशोबी_माणूस:
गणित बदलतं हे बरोबर पण अर्धंच लिहिलंय. एक किलो पाणी फोडायला किमान साडेचार युनिट वीज, प्रत्यक्षात जास्तच. ती वीज आणायची कुठून, जिथे बर्फ आहे तिथे ऊनच नाही, म्हणून तर बर्फ आहे! पॅनेल विवराच्या काठावर लावायचे, दक्षिण ध्रुवावरच्या शॅकल्टन विवराच्या काठावर काही जागी जवळपास कायम ऊन असतं, आणि वीज खाली अंधारात न्यायची. एक किलो पाण्यासाठी पंधरा-वीस किलो माती खणून तापवायची, ती पण अशा थंडीत जिथे साधं वंगण गोठतं. आणि ड्रिल फिरवलं की घर्षणाने बर्फ तापतो, तिथे हवेचा दाब नाही म्हणून वितळत नाही, थेट वाफ होऊन निघून जातो. म्हणजे ज्याच्यासाठी खणतोय ते खणतानाच हातचं जाणार, झाकण लावून वाफ पकडायची सोय आधी हवी. शिवाय हायड्रोजन द्रव ठेवायला उणे २५३ लागतं. प्रयोगशाळेत सगळं होतं हो, तिथे अजून एक ग्लास पण कुणी काढलेला नाही.

खुळा_चंद्र:
बापरे. म्हणजे त्यापेक्षा इथून टँकर पाठवलेला बरा? :D आणि काढलंच कुणी तर ते पाणी कुणाच्या मालकीचं?

सायंकाळची_शिफ्ट:
हिशोबी, मान्य, पण उणे २५३ ची अडचण वाटते तेवढी नाही, त्याच विवरांत थंडी फुकट आहे. काढायचं कसं हा प्रश्न मात्र तुम्ही म्हणता तसाच आहे. इस्रो आणि जपानची जाक्सा मिळून ध्रुवाजवळ रोव्हर पाठवून खणून बघणार आहेत, तेव्हा कळेल माती भुसभुशीत आहे की सिमेंटसारखी घट्ट.

काचबिंदू:
मालकीचं म्हणाल तर १९६७ चा अंतराळ करार सांगतो कुठल्याही देशाला चंद्रावर हक्क सांगता येणार नाही. पण अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला की त्यांच्या कंपनीने काढलेला माल त्या कंपनीचा. जमीन कुणाची नाही, खणलेलं माझं. पटतं का बघा.

माझी काळजी वेगळीच आहे. तो बर्फ धूमकेतूंनी आणला, ज्वालामुखीतून आला की सौर वाऱ्यातल्या, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या कणांच्या झोतातल्या, हायड्रोजनपासून बनला, हे त्याच्या थरांमध्येच लिहिलेलं असणार. आणि जवळ उतरणाऱ्या बहुतेक यानांच्या धुरात पाण्याची वाफ असते, त्यातली काही जाऊन त्याच थंड विवरांत बसू शकते. आधी नमुने तरी घ्या म्हणावं, मग टाक्या भरा.

खुळा_चंद्र:
मित्राला हा धागा पाठवला. म्हणतो पुढच्या वेळी कॅबियस दाखवतो, पण ते पार कडेला आहे, दिसलं तर नशीब.