रिमवर्ल्ड: हिवाळ्याआधी कळप कापायचा की पोसायचा?

मालवी_माती
रिमवर्ल्ड या वसाहत चालवायच्या संगणक-खेळाबद्दल आमच्या इंदूरच्या मंडळींत सध्या एकच सल्ला चालतो: थंडी जवळ आली की ऑटो-स्लॉटर (ठरवलेल्या मर्यादेवरची जनावरं आपोआप कापायला लावणारी सोय) लावा, अर्धा कळप कापा, फ्रीजर भरा. मला हे मुळीच पटत नाही. खेळातलं वर्ष ६० दिवसांचं. पारा शून्याखाली गेला की कुरणातलं गवत वाढत नाही, हे पहिल्या वर्षापासून ठाऊक असतं. मग साठा का नाही करत? आपल्या माळव्यात टंचाई उन्हाळ्यात येते, म्हणून गहू निघाला की लगेच भुसा भरून ठेवतात. इथे उन्हाळ्यात तेच करा. हेग्रास, म्हणजे चाऱ्याचं पीक, कुंपणाबाहेर पेरा, आत पेरलं तर गुरं कोवळंच खाऊन टाकतात. पीक चांगलं आलं तर एका रोपामागे १८ गवत मिळतं. ते कुरणातच छपराखाली रचा, उघड्यावर खराब होतं. पाळलेल्या जनावराला थंडीभर खाऊ घालणं हे पाळणाऱ्याचं काम आहे.

रात्रपाळी
भाऊ, गवत कापायचं, वाहायचं कोणी? वसाहतीत सहा माणसं, त्यातला एक अंथरुणावर, एक भिंतीवर बंदूक घेऊन. हेग्रासच्या वाफ्यात तांदूळ लावला तर माणसं जगतात. कुरणात रोवलेल्या पेन मार्करच्या खुणेवर क्लिक करा, कुरणात रोज किती पोषण उगवतं आणि कळप किती खातो, दोन्ही आकडे समोर येतात. दुसरा आकडा मोठा असेल तर जनावरं जास्त झालीत, एवढाच अर्थ. ऑटो-स्लॉटरमध्ये नर, मादी, पिल्लं यांची मर्यादा वेगवेगळी लावता येते. गाईंना एक बैल पुरतो, बाकीचे नुसते खातात. सगळे ठेवून सगळेच कुपोषणाने मारण्यात कसली माया?

छावणीची_मीरा
दोघंही गुरांचंच बोलताय. कुत्री-मांजरं गवत खात नाहीत, त्यांचं काय? गवत नासाडी न करता त्यांच्यापर्यंत पोचवायचा मार्ग किबल, म्हणजे जनावरांचं तयार खाद्य. २० मांस आणि २० गवत घातलं की ५० किबल होतं, म्हणजे पोषण सव्वापट, आणि ते नासत नाही. किड्यांचा हल्ला परतवल्यावर जे मांस उरतं, ते माणसं तोंड वाकडं करून खातात, मनःस्थितीही बिघडते. तेच किबलमध्ये घाला. माणसांच्या ताटातला एक घास कमी होत नाही.

रात्रपाळी
किबल मान्य, ताई. पण खाटकाच्या टेबलावर बसणारा माणूस तेव्हा शेतात नसतो, हाही हिशेब धरा.

नानाजी_इंदूर
वसाहत उष्ण कटिबंधात वसवा, गवत बारमाही. रोगराई मात्र सोसावी लागेल.

मालवी_माती
रात्रपाळी, बैलांचं तुमचं म्हणणं रास्त आहे, जास्तीचे नर पावसा-थंडीआधी विकावेत. व्यापाऱ्यांचा तांडा आला की चांदी मिळते, मग सुरी कशाला? माझा विरोध यंत्रावर सोपवण्याला आहे. ज्या गाईशी तुमच्या एखाद्या माणसाचं नातं जुळलंय, ती मेली की तो माणूस कित्येक दिवस खचलेला राहतो. मर्यादा लावून मोकळं होणाऱ्याला कोणती गाय कोणाची हे आठवतही नाही. कळप मोठा होऊच द्यायचा नसेल तर नर-मादी वेगळ्या कुरणात ठेवा. पिल्लं झाली की कापू, हे ठरवून पिल्लं होऊ देणं मला मान्य नाही.

रात्रपाळी
दुसरं कुरण म्हणजे दुसरं कुंपण, आणि त्याला सामान लागतंच. मी एक बैल ठेवणार, बाकीचे थंडीआधी कापणार. व्यापारी वेळेवर येईल या भरवशावर सहा माणसांचा हिवाळा मी टाकणार नाही.