ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी येतेय, ॲम्पचं अर्थिंग नेमकं कुठं द्यायचं?

निपाणी_स्विफ्ट

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट, पेट्रोल. डिकीत चार चॅनेलचा एक ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि वूफरसाठी, म्हणजे बेसच्या स्पीकरसाठी, वेगळा मोनो ॲम्प बसवून घेतलाय. मोनोवर ५०० वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद) लिहिलंय. इंजिन बंद असताना आवाज एकदम स्वच्छ. इंजिन चालू केलं की बारीक 'कुंईं' सुरू होतं आणि ॲक्सिलरेटर दाबेल तसं चढत जातं. हळू आवाजात गाणी लावली की जास्तच टोचतं. दुसरं म्हणजे रात्री तवंदी घाट चढताना बेस वाढवला की ठोक्यासरशी हेडलाइट मंद होते, आणि कधीकधी वूफरच्या ॲम्पवर प्रोटेक्टचा लाल दिवा लागून तो बंदच पडतो.

बसवणाऱ्यानं लाल वायर जाड घातलीय, पण काळी (अर्थिंगची) वायर बारीक आहे, आणि दोन ॲम्पच्या दोन काळ्या वायरी दोन ठिकाणी दिल्यात: एक मागच्या सीटच्या बोल्टखाली, दुसरी डिकीच्या कडेला पत्र्यात स्क्रू मारून. रंग कुठंच खरवडलेला दिसत नाही. विचारलं तर म्हणतो, ग्राउंड लूप आयसोलेटर (गाण्याच्या वायरीत मध्ये घालायची डबी) लाव, आवाज जातोय. घरात बाबा म्हणतात, काढून टाक सगळं, कंपनीचंच बरं होतं.

आयसोलेटर घेऊ काय? घरात मल्टिमीटर आहे, व्होल्टेज बघायला येतंय.

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिशियन

आयसोलेटर घेऊ नकोस. तुझे दोन्ही त्रास एकाच जागचे असणार आणि आयसोलेटरनं फार तर शिट्टी दबेल. ॲम्पला करंट कमी पडतोय तो कमीच पडणार. शिवाय स्वस्त आयसोलेटरमधला ट्रान्सफॉर्मर बारका असतो, तो खालचा बेस खातो. ज्याच्यासाठी एवढा खर्च केलास तेच जायचं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. लाल वायरीतून जेवढा करंट ॲम्पमध्ये जातो तेवढाच काळ्या वायरीतून बॅटरीकडं परत जातो. ५०० वॅटचा क्लास डी ॲम्प जोरात वाजताना साधारण ४५ अँपिअर ओढतो. म्हणजे ते ४५ अँपिअर तुझ्या त्या बारीक वायरीतून आणि रंगावर टेकलेल्या लगमधून (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीमधून) जाताहेत. काळी वायर लालएवढीच जाड पाहिजे, यात तडजोड नाही. जाड वायरही बघून घे. बाजारात 'चार गेज' म्हणून जी मिळते त्यात बऱ्याचदा तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम असतं आणि वरचं प्लास्टिकच जाड. खऱ्या चार गेजमध्ये आत २१ चौरस मिलिमीटर तांबं असतं. टोक सोलून चाकूनं खरवडलं की आतून पांढरी तार दिसते काय ते कळतंय.

आता शिट्टी. अल्टरनेटरचा करंट पूर्ण सपाट नसतो, त्यात लहरी असतात आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर त्यांची गती वाढते, म्हणून आवाज चढतो. डेकचं (पुढच्या म्युझिक सिस्टीमचं) अर्थिंग डॅशबोर्डमागं, ॲम्पचं डिकीत. दोन जागांच्या मध्ये थोडं जरी व्होल्टेज पडलं तरी त्या लहरींना आरसीए वायरीच्या (डेकवरून ॲम्पला गाणं नेणाऱ्या वायरीच्या) जाळीतून वाट मिळते. ॲम्पला ते गाणंच वाटतं, तो मोठं करून देतो. तुझ्याकडं तर दोन ॲम्पना दोन जागा, म्हणजे फेरा आणखी एक.

अंदाजानं काही बदलू नकोस, मोजून बघ. मीटर डीसी व्होल्टवर ठेव. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. तिथून डिकीपर्यंत कुठलीही बारीक वायर लांबवून घे, मीटर करंट ओढत नाही म्हणून चालते. दुसरं टोक ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर. इंजिन चालू ठेवून बेसचं गाणं जोरात लाव आणि आकडा बघ. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. ०.३ च्या वर गेला तर दोष आहे. मग तेच टोक टप्प्याटप्प्यानं सरकवत जा: आधी ॲम्पचं टर्मिनल, मग लग, मग लगच्या शेजारी खरवडलेला उघडा पत्रा. जिथं आकडा एकदम खाली येतो तिथं चोर आहे. ओहमवर मोजत बसू नकोस, साध्या मीटरच्या वायरींचाच रोध त्यापेक्षा जास्त असतो.

खानापूर_बोलेरो

काकांनी सांगितलं त्यात भर घालतो, कारण आमच्याकडं पाऊस हा वेगळाच विषय आहे. जांबोटी, कणकुंबी भागात गाडी फिरली की पत्र्यावर उघडी ठेवलेली जागा एका पावसाळ्यात लाल होते. रंग खरवडायचा, लग घट्ट आवळायचा, आणि आवळून झाल्यावर वरून रंगाचा किंवा ग्रीसचा हात द्यायचा. आधी ग्रीस चोपडून मग आवळायचं नाही.

बोलेरोवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. स्विफ्टची बॉडी हीच चेसी. बोलेरोत चेसी वेगळी आणि बॉडी तिच्यावर रबराच्या पॅडवर बसलेली. माझ्या गाडीत ॲम्पचं अर्थिंग चेसीला आणि डेकचं बॉडीला होतं. दोघांना जोडणारी विणलेली पट्टी गंजून चार तारांवर आली होती. त्या पट्टीवर पाना टेकवला तर भुसा पडला. नवीन पट्टी टाकली, शिट्टी गेली. ॲम्पला हातसुद्धा लावला नाही.

निपाणी_स्विफ्ट

काका, मोजलं. मोनोच्या ग्राउंडवर ठोक्याला ०.७ पर्यंत जातंय. लगवर ०.५५, लगच्या शेजारी खरवडलेल्या पत्र्यावर ०.१८. म्हणजे रंगावरच सगळं अडतंय ना? नवीन जागा कुठली घेऊ? सीट बेल्टचा बोल्ट जाड आहे, तो घेऊ काय?

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिशियन

सीट बेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. तो जीव वाचवायला आहे, त्याच्याखाली लग सरकवला की तो पाहिजे तसा आवळत नाही. मागं चुलतभावाच्या गाडीत कुणीतरी तसं केलेलं मी बघितलं आणि तिथल्या तिथं काढायला लावलं.

तुझं बरोबर आहे, निम्म्यापेक्षा जास्त व्होल्टेज त्या रंगावर पडतंय. आणि ०.७ ते ०.५५ हा फरक बारीक वायरीचा.

जागा अशी शोध: डिकीच्या तळाशी, जाड पत्रा, जो गाडीच्या मुख्य सांगाड्याचा भाग आहे. नुसत्या दोन स्पॉट वेल्डिंगवर चिकटवलेली पट्टी किंवा बिजागरीवरचं डिकीचं झाकण नको. वायर अर्ध्या मीटरच्या आत बसली पाहिजे, ॲम्पची जागा थोडी सरकवायला लागली तरी चालेल. भोक पाडायच्या आधी गाडीखाली वाकून बघ. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाईप तिथंच कुठंतरी असतात. हे न बघता ड्रिल चालवणारे लोक मला माहीत आहेत, म्हणून परत सांगतो: खाली वाकून, टॉर्च मारून बघ.

मग रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ कर. प्रायमरसुद्धा जायला पाहिजे, करडा थर दिसतो तो प्रायमर. लग पक्कडीनं चेपायचा नाही, क्रिम्पिंगच्या हत्यारानं दाबून घे. इकडं आमच्या उद्यमबागेत पॅनेलवाल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक क्रिम्पर असतो, दोन मिनिटांचं काम, निपाणीतही मिळेल. आरपार बोल्ट, दात्यांचा स्टार वॉशर, खालून नट. पत्र्यात नुसते मारायचे स्क्रू नकोत, हादऱ्यानं सैल होतात. दोन्ही ॲम्पचं ग्राउंड त्या एकाच बोल्टवर.

आणि हे काम करताना बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज काढूनच ठेव. आरसीए जोडलेली असताना काळी वायर सुटली तर सगळा करंट आरसीएच्या जाळीतून डेककडं वाट शोधतो आणि डेकच्या आतलं आरसीएचं ग्राउंड जळतं. मग मात्र कुठलंही अर्थिंग केलंस तरी शिट्टी जाणार नाही. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत आहे ना, तेही बघ. नसेल तर गाणं राहू दे, आधी ते कर.

ते पत्र्यावर उरलेलं ०.१८ आहे ना, ते पुढचं. बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडीला आणि इंजिनाला येणारी कंपनीची वायर तुझ्या ॲम्पचा विचार करून घातलेली नाही. तिच्या जोडीला एक जाड वायर बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, एक इंजिन ते बॉडी टाक. जुनी काढायची नाही.

संकेश्वर_साउंड

मी तरी आयसोलेटर लावून मोकळा झालो, माझ्यात आवाज गेला. एवढा खटाटोप कशाला?

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिशियन

तुमची हेडलाइट मंद होत नसेल आणि ॲम्प गरम होऊन बंद पडत नसेल तर राहू द्या. पण एकदा मोजून बघा, फुकट आहे. अर्थिंगवर अर्धा व्होल्ट जात असेल तर ॲम्प उपाशी चालतोय आणि आवाज फाटायला लागला की ट्विटरची (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची) कॉइल आधी जाते. सगळं करूनही शिट्टी उरली तरच आयसोलेटर, आणि तोही चांगला घ्यायचा.

निपाणी_स्विफ्ट

झालं काका. मोनोच्या ग्राउंडवर आता ठोक्याला ०.०७. प्रोटेक्ट एकदाही लागला नाही, हेडलाइट अगदी किंचित हलते. शिट्टी नव्वद टक्के गेली, पण आवाज शून्यावर ठेवून कान दिला तर अजून थोडी येतेय.

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिशियन

शाब्बास. उरलेली शिट्टी कुठून येते ते आता वाटणी करून काढ. सिस्टीम बंद करून ॲम्पवरून आरसीए काढ, मग चालू कर. शिट्टी तशीच राहिली तर ॲम्पकडून. गेली तर डेक किंवा आरसीए वायर. मग डेकऐवजी मोबाइल ॲम्पला जोड, मोबाइल चार्जरला लावलेला नको. त्यावर शांत असेल तर दोष डेकच्या अर्थिंगचा. डेकची काळी वायर कंपनीच्या बारीक वायरीला वेटाळून टेप मारलेली असते. ती सोडवून डॅशमागच्या लोखंडी आडव्या बारला स्वतंत्र दे, तिथंही रंग खरवडून. आणि आरसीए लाल वायरीच्या शेजारून आलीय काय बघ. असेल तर एकीला डाव्या दाराच्या कडेनं आण, दुसरीला उजव्या.

चिकोडी_ट्रॅक्टर

अण्णा, आमचं पण सांगा की. उसाचा ट्रॅक्टर आहे, मडगार्डवर पेट्या, सीटखाली ॲम्प. अर्थिंग मडगार्डच्या बोल्टला दिलंय. हंगामात शेतातून कारखान्यापर्यंत वाजत असतं, खरखर येतेय.

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिशियन

मडगार्ड सोडा. त्याचे बोल्ट हादऱ्यानं हलत राहतात आणि आत चिखल बसतो, तीच तुमची खरखर. ट्रॅक्टरला बॅटरी हाताच्या अंतरावर असते, त्यामुळं लाल आणि काळी दोन्ही वायरी थेट बॅटरीवरूनच घ्या. लालवर फ्यूज तरीही पाहिजेच. डेकची काळी वायरही त्याच खांबावर आणा, म्हणजे दोघांचं अर्थिंग एकाच जागी येईल. खांबावरची पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुऊन, सुकवून, आवळून मग वर ग्रीस लावा.

आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन बंद ठेवून रात्रभर वाजवू नका. पहाटे गाडी पुढं घ्यायची वेळ येईल आणि सेल्फ फिरणार नाही.