तापल्यावर बंद पडणारा जुना पेट्रोल ट्रॅक्टर

वडिलांचा जुना ट्रॅक्टर सकाळी लगेच सुरू होतो, पण २० मिनिटं नांगरलं की गुदमरून बंद. अर्ध्या तासाने पुन्हा चालू. प्लग नवे, फिल्टर साफ. भंगारात द्यायला जीव होत नाही.

— बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय. हवा आत गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही.

— तसं नसेल तर तेव्हाच प्लगची ठिणगी बघा. पिवळी, अशक्त असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर (ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या यंत्रणेचे भाग) तापून दगा देतोय. मात्र आसपास पेट्रोल सांडलेलं नको.

— झाकण उघडताच फुस्स! भोकात माती घट्ट बसलेली. तारेने मोकळं केलं, आज दीड तास सलग चालला. वडील बांधावर बसून आवाज ऐकत होते.