जात, रंग, चेहरा: कुणाशी मोकळं बोलणं झालंय का? अनुभव लिहा

दादरला राहते. 6 डिसेंबर, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, जवळ आला की आमच्या जिन्यात 'गर्दी', 'कचरा' सुरू होतं. गणपतीत तेवढ्याच गर्दीचं कौतुक असतं. मागच्या वर्षी सासूबाईंना हे सरळ विचारलं. आधी चिडल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला कधी कोणी विचारलंच नाही गं." दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवर आल्या, तासभर रमल्या. जात, कातडीचा रंग, चेहरेपट्टी यांवरून होणाऱ्या भेदभावाबद्दल तुमचं घरी, कामावर कुणाशी खरं बोलणं झालंय? उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

घाटकोपरहून
आम्ही बौद्ध. वडिलांनी गॅझेटमध्ये आडनाव बदलून घेतलं, तरी भाड्याचं घर बघताना एजंट "मूळचं आडनाव?" विचारतोच. ऑफिसातला जवळचा मित्र म्हणायचा, "मुंबईत कुठे राहिलीय जात?" मी वाद घातला नाही. जो फ्लॅट मला 'आत्ताच गेला' होता, त्याच्यासाठी मित्राला सांगितलं, त्याच एजंटला तुझ्या आडनावाने फोन लाव. फ्लॅट रिकामा होता, संध्याकाळी बघायला या! त्या दिवशी आम्ही जेवणाची सुट्टी संपली तरी बोलत बसलो. वडिलांनी नाव का बदललं, कॉलेजात स्कॉलरशिपच्या रांगेत उभं राहताना काय वाटायचं, सगळं. त्याने मध्ये एकदाही 'पण' म्हटलं नाही, याचं मला फार मोल आहे.

एक वाचक
हे उकरून कटुताच वाढते. कायदा आहे ना.

वकील, बोरिवली
कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी येतात. खासगी घरमालकाचा उल्लेख नाही. 2005 मध्ये एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व समाजापुरतं ठेवणारा नियम ग्राह्य धरला. म्हणजे घाटकोपरच्या ताईंना नुसत्या कायद्यावर विसंबून घर मिळणं कठीण. बोलावंच लागेल.

कलिना
माझी रूममेट मणिपूरची. 2020 च्या मार्चमध्ये लोक तिला रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारायचे. ईशान्येकडच्या लोकांना होणारा त्रास थांबवा, असं केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना कळवावं लागलं होतं. मी तिला "लक्ष नको देऊस" म्हणायचे. ती म्हणाली, "मी लक्ष देत नाहीच. तू दे." तेव्हापासून कोणी बोललं की मी मराठीत उलट विचारते. माणसं ओशाळतात.

माहीम
लग्नाच्या बायोडेटातून 'वर्ण: निमगोरा' ही ओळ काढायला लावली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या सावळेपणामुळे आलेले नकार तिने पहिल्यांदा सांगितले.

नालासोपारा
इमारतीत नायजेरियन कुटुंब भाड्याने आलं. सभेत लगेच 'ड्रग्जवाले असतात, काढा' सुरू. बाबा लालबागमध्ये वाढलेले. उठून म्हणाले, "साठच्या दशकात मद्राशांना हाकला म्हणणाऱ्यांत आपलेच लोक होते. शेजारच्या अण्णांचं दुकान फुटलं तेव्हा मी पाहत होतो." सभा बराच वेळ चालली. शेवटी सगळ्या भाडेकरूंची होते तशी त्यांचीही पोलिसांकडे नोंद झाली आणि ते राहिले. दोन घरं अजून त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये चढत नाहीत. त्यातलं एक माझ्या काकांचं आहे. त्यांच्याशी बोलणं बाकी आहे.