चेक-टाइप लावणाऱ्याला लिस्प कळलेलं नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी

कंसप्रेमी

परवा कॉमन लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या एका मुलीने तिचं कोड टाकलं. त्यात चेक-टाइप, म्हणजे आलेली किंमत ठरलेल्या टाइपची (आकडा, मजकूर वगैरे) आहे का हे तपासणाऱ्या ओळी, जागोजागी होत्या, तर एका जुन्या सदस्यांनी तिला सुनावलं, "प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर चेक-टाइप कशाला? लिस्पमध्ये जावा लिहू नका. चुकीचं काही आलं तर रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) बोंबलेलच." तिने निमूटपणे सगळे चेक काढून टाकले. मला ते फार लागलं. तिथेच लिहायला बसलो, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

रनटाइम बोंबलतो, मान्य. पण कुठे, आणि कुणाच्या नावाने? हप्त्यांच्या हिशोबात सीएसव्ही फाइलीतून आलेली रक्कम आकडा न होता "१२५०" अशी स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, राहिली. वाटेतल्या फंक्शनांनी ती नुसती पुढे ढकलली, कारण बेरीज करायची वेळ अगदी तळाशी आली. तिथे एसबीसीएल (कॉमन लिस्पचा एक कंपायलर) म्हणतो, ही व्हॅल्यू नंबर टाइपची नाही, त्याच्या आतल्या एसबी-कर्नल पॅकेजमधल्या एक्सला बांधताना अडलो. माझ्या अख्ख्या कोडमध्ये एक्स नावाचं काही नाही! तो अधिकच्या चिन्हाच्या पोटातला आर्ग्युमेंट. आता तिथून उलटं चालत मूळ शोधा.

आणि हा बरा प्रकार, निदान थांबला तरी. हॅश टेबलची (नावावरून किंमत शोधायच्या तक्त्याची) की, म्हणजे शोधायचं नाव, सिंबॉल आहे आणि तुम्ही स्ट्रिंग दिलीत, तर गेटहॅश हे शोधणारं फंक्शन एरर देत नाही, नील ("काही नाही") देतं. नीलचा कार (यादीतला पहिला घटक) नील. नीलवर मॅपकार (प्रत्येक घटकावर फंक्शन) चालवा, तरी नील. रिपोर्ट रिकामा निघतो आणि प्रोग्रॅम मात्र यशस्वी. इथे कुठला रनटाइम बोंबलला?

शिवाय चेक-टाइप ही काही जावाची उसनवारी नाही. १९९४च्या आन्सी प्रमाणात (भाषेच्या अधिकृत व्याख्येत) ती आहे, आणि तिच्यासोबत स्टोअर-व्हॅल्यू रीस्टार्ट मिळतो. डीबगरमध्येच योग्य किंमत द्यायची, ती पुन्हा तपासली जाते आणि काम अडलं तिथूनच पुढे चालू होतं. इतकी लिस्पची म्हणावी अशी गोष्ट नवशिक्याच्या हातून काढून का घेता?

सेफ्टी_शून्य

तपासू नका असं कुणीच म्हणत नाहीये. डिक्लेअर लिहा, टाइप कंपायलरला आधीच सांगून ठेवा! सीएमयूसीएल या जुन्या कंपायलरच्या काळापासून डिक्लेरेशन म्हणजे असर्शन (तपासलं जाणारं विधान) ही रीत आहे. १९९९मध्ये त्यातूनच फुटून निघालेल्या एसबीसीएलनेही ती पाळली. चेकही होतो, कंपाइल करतानाच वॉर्निंग मिळते, वर कोड पळतं. चेक-टाइपने फक्त ओळी वाढतात.

आणि चेकचं वेड लागलं की काय होतं ते मी भोगलंय. आधीच्या नोकरीत एक रिकर्सिव्ह (स्वतःलाच हाक मारणारं) फंक्शन रिव्ह्यूला आलं. उरलेल्या यादीतला प्रत्येक घटक इंटिजर (पूर्णांक) आहे का, हे सॅटिस्फाइज (आपलं फंक्शन वापरून तपासणारा टाइप) लावून दर कॉलला तपासत होतं. म्हणजे हजाराच्या यादीला पाच लाखांवर तपासण्या. लिहिणारा म्हणतो, लिस्प हळू आहे.

कंसप्रेमी

@सेफ्टी_शून्य, प्रमाणानुसार डिक्लेअर हे *तुम्ही* कंपायलरला दिलेलं वचन आहे. मोडलंत तर परिणाम अनिश्चित. एसबीसीएल तपासतो ही त्याची भलाई, भाषेची हमी नाही. सीलिस्प ही दुसरी अंमलबजावणी टाइप डिक्लेरेशनकडे ढुंकूनही बघत नाही. एसबीसीएलमध्येसुद्धा सेफ्टी (तपासण्यांची पातळी) ० केली की संपलं. त्याहून वाईट म्हणजे सेफ्टी ० असताना वर डिक्लेअर इंटिजर आणि खाली चेक-टाइप इंटिजर लिहिलंत, तर कंपायलर डिक्लेअरवर विश्वास ठेवून चेकच उडवून टाकतो. हे किती जणांना माहीत आहे?

रिकर्शनचं म्हणाल, तर बाहेरच्या फंक्शनमध्ये एकदा तपासायचं आणि आत लेबल्समधलं (त्याच्याच पोटात लिहिलेलं) फंक्शन मोकळं फिरू द्यायचं. गाडी टोलनाक्यावर थांबवतात, दर किलोमीटरला नाही.

सेफ्टी_शून्य

लेबल्सचं ठीक. पण तशी शिस्त असणारा माणूस मुळात स्ट्रिंग पुढे ढकलणार नाही. आणि सेफ्टी ० अख्ख्या फाइलला लावणाऱ्याला चेक-टाइपही वाचवणार नाही, हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत.

जुना_खेळाडू

ते "जुने सदस्य" म्हणजे मीच. नाव घ्यायला काय हरकत होती?

माझं वाक्य अर्धंच छापलंत. त्या मुलीचं फंक्शन दोन ओळींचं आणि वर चेक सहा, तेही पॅकेजमधून एक्स्पोर्ट न केलेल्या (बाहेरच्यांना वापरायला न दिलेल्या) फंक्शनला, ज्याला हाक मारणारी एकमेव ओळ तिचीच. अशाने कोडमधलं काम दिसेनासं होतं. आम्ही शिकलो तेव्हा आरईपीएलवर (ओळ लिहिली की लगेच उत्तर देणाऱ्या खिडकीवर) बसून प्रत्येक फंक्शन हाताने चालवून बघायचो, मग पुढचं लिहायचो. आता आरईपीएल उघडतच नाही कुणी. फाइल लिहितात, चालवतात, एरर आला की मदत मागतात. १९९९ला नासाच्या डीप स्पेस वन यानावरच्या लिस्प प्रोग्रॅममधला दोष कोट्यवधी किलोमीटरवरून शोधताना आरईपीएलच कामी आला होता. ती लिस्पची ताकद आहे. टाइपच हवे असतील तर जेनेरिक फंक्शनं (आर्ग्युमेंटच्या क्लासनुसार वेगळं कोड निवडणारी) आहेत, डिफमेथडमध्ये क्लास लिहा, डिस्पॅच (ती निवड) आपोआप तपासेल.

कंसप्रेमी

@जुना_खेळाडू, आदर आहे तुमच्याबद्दल, पण यानावरचा दोष रेस कंडिशनचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या क्रमाच्या गोंधळाचा) होता. टाइप तपासण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध, त्यातून काहीच निघत नाही. आणि डिफमेथड क्लासवर चालतो, टाइपवर नाही. ० ते १०० मधला इंटिजर हा टाइप आहे, क्लास नव्हे. टक्केवारीसाठी जेनेरिक फंक्शन काय करणार?

एक्स्पोर्ट न केलेल्या फंक्शनांबद्दल तुमचं खरं असेलही. मग तिला तेवढंच सांगायचं होतं. "जावा लिहू नका" ऐकून माणूस सगळंच काढून टाकतो.

रॅकेटवाली

मूळ दुखण्यावर बोट ठेवा की! कंसप्रेमींच्या रिकाम्या रिपोर्टला टाइप-चेकचा अभाव कारण नाही, नील कारण आहे. कॉमन लिस्पमध्ये एकच वस्तू असत्यही, रिकामी यादीही आणि सिंबॉलही. मॅकलिस्प या जुन्या लिस्पपासूनचं हे ओझं अजून वाहताय. स्कीम या दुसऱ्या लिस्पमध्ये रिकाम्या यादीचा कार घ्या, तिथेच एरर.

आणि तुमचा लाडका चेक-टाइप? चेक-टाइप सिंबॉल नीलला पास करतो. लिस्टही पास करतो. म्हणजे गेटहॅशमधून निघालेला नील तुमच्या टोलनाक्यावरून थाटात जातो.

सेफ्टी_शून्य

@रॅकेटवाली, टाइप्ड रॅकेटचं (तुमच्या रॅकेट भाषेच्या टाइपवाल्या आवृत्तीचं) बोलू नका. २०१६च्या त्या प्रसिद्ध पेपरात टाइप्ड आणि अनटाइप्ड मॉड्यूल मिसळल्यावर काही प्रोग्रॅम शंभर पटींहून हळू झाले होते. सीमेवर दर वेळी काँट्रॅक्ट (किमतींवरच्या अटी) तपासल्यावर दुसरं काय होणार?

रॅकेटवाली

मी टाइप्ड रॅकेटचं नावही काढलं नाही! नीलबद्दल बोलतेय. मुद्दा झेपला नाही की पेपर फेकायचा, ही तुमची नेहमीची पद्धत.

क्लोजरकर

नीलला इतकं का झोडपताय? रिकामी यादी आणि "काही नाही" एकच धरल्यामुळे निम्म्या इफ-अटी वाचतात. आम्ही क्लोजर या आमच्या लिस्पमध्ये रिकामी यादी वेगळी केली, ती सत्य धरली जाते, तरी सीक्वेन्सची बहुतेक फंक्शनं नील आनंदाने घेतात. मला ते आवडतं. माझं दुःख वेगळंच आहे. २०१७च्या क्लोजर १.९सोबत स्पेक (किमती तपासायची लायब्ररी) आलं, अजून नावात अल्फा (कच्ची आवृत्ती) आहे. आणि इन्स्ट्रुमेंट (फंक्शन चालताना स्पेकची तपासणी) लावलं तरी फक्त आर्ग्युमेंट तपासतो, परतीची किंमत तपासतच नाही. हे टीमला समजावून थकलो. प्रत्येक नवीन माणूस रिट (परतीच्या किमतीची अट) लिहितो आणि निर्धास्त होतो.

ईमॅक्सभक्त

नील आवडतो म्हणणाऱ्यांनी ईमॅक्स एडिटरची माझी लिस्पमधली कॉन्फिग फाइल सांभाळावी. "राँग टाइप आर्ग्युमेंट: स्ट्रिंगपी, नील". म्हणजे स्ट्रिंग हवी होती, आला नील. कुणाचा आर्ग्युमेंट, कुठल्या पॅकेजचा, काही नाही. परवा सादरीकरण सुरू व्हायच्या आधी ऑर्ग (ईमॅक्समधल्या टिपणांची) फाइल उघडेना. शेवटी कुठल्याशा पॅकेजने, बफरला (ईमॅक्समध्ये उघडलेल्या मजकुराला) फाइलच नसेल तर बफर-फाइल-नेम नील देतं, हे गृहीतच धरलं नव्हतं. सीएल-चेक-टाइपची (ईमॅक्समधल्या चेक-टाइपची) एक ओळ असती तर निदान त्या पॅकेजचं व्हेरिएबल तरी कळलं असतं. मी पूर्ण कंसप्रेमींच्या बाजूने.

क्लोजरकर

तिथे चूक पॅकेजवाल्याची, नीलची नाही.

रॅकेटवाली

प्रत्येक वेळी चूक कुणातरी दुसऱ्याचीच! भाषेने सापळा लावायचा आणि अडकलेल्याला बोल लावायचा.

कंसप्रेमी

@रॅकेटवाली, सिंबॉलमध्ये नील शिरतो हे बरोबर. त्यासाठी डेफटाइपने एकदाच "सिंबॉल, पण नल (ज्यात फक्त नील बसतो तो टाइप) नव्हे" असा टाइप करून ठेवावा आणि तोच सगळीकडे वापरावा. भाषेत सोय आहे. पण ती आपणहून करावी लागते, ही तुमची तक्रार मला खोडता येत नाही.

नवी_शिकाऊ

ज्या कोडवरून हे सुरू झालं ते माझं. एक्स्पोर्ट केलेल्या फंक्शनांना चेक परत लावतेय, आतल्यांचे काढलेलेच ठेवते. एक अडलंय. की-आर्ग्युमेंट (नाव लिहून द्यायचं ऐच्छिक आर्ग्युमेंट) दिलंच नाही तर नील येतं आणि चेक-टाइप इंटिजर तिथेच अडतो. ० डिफॉल्ट द्यावं का? पण माझ्या हिशोबात ० म्हणजे खरंच शून्य टक्के व्याज.

जुना_खेळाडू

० अजिबात देऊ नका, बिनव्याजी कर्ज होईल. आर्ग्युमेंटच्या यादीत डिफॉल्टनंतर तिसरं नाव लिहा, सप्लाइड-पी. आर्ग्युमेंट दिलं असेल तर ते टी (सत्य) असतं, नसेल तर नील. ते खरं असेल तेव्हाच चेक-टाइप चालवा. मुद्दाम नील दिलं तरी पकडलं जाईल. आणि "दिलंच नाही" आणि "मुद्दाम नील दिलं" यात तुम्हाला फरक करायचा नसेल, तर टाइपच "नल किंवा इंटिजर" ठेवा. पुढच्या वेळी कोड टाकताना कुठलं एक्स्पोर्ट केलंय तेही टाका, म्हणजे मी उगाच ओरडणार नाही.