सायकलला सिग्नल तोडल्याचा दंड होतो का?

प्रश्न: पुण्यात कर्वे रस्त्यावर रोज सायकल चालवायची आहे. लायसन्स लागत नाही, मग सिग्नल तोडला तर पोलीस काय करणार?

उत्तर १: मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार साधी सायकल मोटार वाहन नाही, म्हणून लायसन्स, पीयूसी काही नको. पण सिग्नल पाळावाच लागतो. बेदरकार सायकल चालवून कुणाला इजा होण्याची शक्यता निर्माण केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही.

उत्तर २: दंडापेक्षा डावीकडे वळणाऱ्या पीएमपीच्या बसला भ्या! सिग्नलला तिच्या डाव्या अंगाला घुसू नका, आरशात तुम्ही दिसतच नाही. मागे थांबा. आणि उलट्या बाजूनं तर कधीच येऊ नका.

उत्तर ३: ई-सायकललाही लायसन्स नको असेल, तर तिची मोटर २५० वॉटच्या आत हवी.